दगड नसलेलं रान

त्या दिवशी मी फक्त बुटाच्या नाड्या आणायला बाहेर पडलो होतो.

बूट तसे नवेच. दोन वर्षांपूर्वी घेतलेले, घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, डोंगरात चालायचे. हॉलंडमध्ये, आर्नहेमच्या माझ्या फ्लॅटमध्ये ते खोक्यातच पडून होते. मधूनमधून मी ते काढायचो, पायात घालून हॉलमध्ये दोनचार फेऱ्या मारायचो आणि परत ठेवून द्यायचो. त्या सकाळी काढले तर उजव्या बुटाची नाडी तुटलेली. घासून घासून झिजावी तशी. न वापरलेल्या बुटाची नाडी झिजते कशी, असा प्रश्न मला पडला खरा. पण मी आयुष्यभर संशोधन करून निवृत्त झालेला माणूस. प्रश्न पडायची मला सवय आहे, आणि सत्तरी ओलांडल्यावर बरेच प्रश्न सोडून द्यायचीही.

दोन हजार एकवीसचा नोव्हेंबर होता. दुकानांत मास्क नुकतेच परत आले होते. कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार माझ्यासमोर उघडलं नाही. मी एक पाऊल मागे गेलो, पुढे आलो, हात हलवून पाहिला. मग मागून एक बाई आली, तिच्यासाठी दार उघडलं आणि मी तिच्या पाठोपाठ आत शिरलो. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता नाड्या मशीनवरून सरकवल्या. लोक दीड मीटरचं अंतर ठेवून माझ्या बाजूनं जात होते. मला शेवटचा कुणाचा हात कधी लागला होता, ते आठवेना.

माझी मुलगी मेधा ब्रेडाला असते. मे महिन्यात मी कोविडनं हॉस्पिटलात राहून आलो, तेव्हापासून ती आली तरी दारातूनच बोलायची, डब्याची पिशवी उंबऱ्यावर ठेवायची. नात गुंजन खाली गाडीपाशी उभी राहून हात करायची, आणि मी मराठीत काही विचारलं की डचमध्ये उत्तर द्यायची. सुचेता, माझी बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. एरवी घरात आवाज म्हणजे फ्रिजचा.

घरी येऊन मी नाडी ओवायला बसलो. ओवता ओवता वाटलं, आज बाळ्याला फोन करावा.

बाळ्या म्हणजे बाळासाहेब. पुण्याला आम्ही एका खोलीत राहून शिकलो. तो वनस्पतिशास्त्र, मी वीज. त्यानं साताऱ्याला कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बामणोलीच्या अलीकडे, कोयनेच्या जलाशयाकाठी, रानाला लागून लहानसं घर बांधलं. मी इकडे नोकरीला आलो आणि इकडचाच झालो. पण एक गोष्ट ठरलेली होती. नोकऱ्या संपल्या, की दोघांनी महाबळेश्वरापासून कोयनेच्या काठाकाठानं, जंगलातून, धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जायचं. घाई करायची नाही. रात्र होईल तिथं मुक्काम. हे आम्ही दर भेटीत बोलायचो. आधी त्याच्या मुलाचं शिक्षण आडवं आलं, मग सुचेताचं आजारपण, मग माझे गुडघे. शेवटी मार्च दोन हजार वीसचं तिकीट काढलं, बूट घेतले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आमची चालायची एक पद्धत होती. ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॉलेजात असताना सह्याद्रीत धुक्यात हिंडायचो, तेव्हाची. बाळ्या पुढे, मी मागे. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. एकदा तो मला बघायला वळला आणि कड्यावरून जाता जाता वाचला, तेव्हापासूनचा नियम. मी आहे की नाही हे त्याला कळावं, म्हणून वाट फुटेल तिथं मी काठी दगडावर आपटायची. दोन ठोके म्हणजे, मी आहे, चल. तीन म्हणजे, थांब. काठीला खाली लोखंडी टोक होतं. धुक्यातसुद्धा तो आवाज लांबवर जायचा. तीच काठी मी इकडे येताना बरोबर आणली.

मे महिन्यापासून मी त्याला फोन केला नव्हता. आधी आजार, मग धाप. आणि खरं कारण भीती. त्या उन्हाळ्यात भारतात फोन लावला की कुणीतरी गेल्याचंच ऐकू यायचं. फोन केला नाही तर माणूस जिवंत राहतो, असलं काहीतरी माझ्या शिकलेल्या डोक्यानं धरून ठेवलं होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं उचलला.

"कोण?"

"अरे, मी. रव्या."

पलीकडे शांतता. त्याच्याकडे संध्याकाळ झालेली असणार, रातकिड्यांची किरकिर स्पष्ट ऐकू येत होती.

"बाळ्या? येतंय का ऐकू? मी रविकांत, आर्नहेमहून."

तो बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता. शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा.

"रव्या इथंच आहे," तो म्हणाला.

मी हसलो. "दिवेलागणीलाच बसलास का रे घेऊन?"

"कॉलेजातल्या दिनकरचा फोन आला होता मे महिन्यात. आपला रविकांत गेला म्हणाला, कोविडनं."

"अरे देवा! तो सिव्हिलचा रविकांत रे, नागपूरचा. मीही तेव्हा हॉस्पिटलातच होतो. दिनकरनं घोळ घातला!"

"असेल." तो थांबला. "मी तरी कुठं नीट विचारलं? त्याच आठवड्यात प्रमिला गेली."

प्रमिला म्हणजे त्याची बायको. मला हे माहीतच नव्हतं. तोच पुढे बोलू लागला, हळूहळू, जणू मला सांभाळून घेत.

"सर्वपित्रीला काठावर गेलो. आईवडलांना पाणी दिलं. प्रमिलाला दिलं. मग तुला दिलं. मित्राला देता येतं. तुझं नाव घेऊन, तीळ घालून, तीन ओंजळी."

"मला?"

"मग? तिकडं तुझं कोण करणार होतं? तुझी ती डच बोलणारी नात?" तो खुदकन हसला. हसणं अगदी जुनंच होतं. "आता तू जिवंत निघालास म्हणजे पंचाईत आहे बघ. जिवंत माणसाला पाणी दिलं तर त्याला परत जन्माला घालावं लागतं, शास्त्रात आहे. बारसं करायचं, पाळण्यात घालायचं."

"पाळणा भक्कम लागेल."

"हं." मग आवाज पुन्हा खाली गेला. "पाणी देऊन परत निघालो, रव्या. जांभळीपाशी वाट फुटते... तिथं मागून दोन ठोके आले. दगडावर."

माझी नजर कोपऱ्यातल्या काठीवर गेली.

"मी ओळखणार नाही होय? तेव्हापासून रोज येतोस. मी पुढं, तू मागं. घरी आलो की पडवीत टेकतोस. मी तिकडं तोंड करत नाही."

"वळून पाहिलं नाहीस? एकदाही?"

"नियम कुणी केला होता?"

"बाळ्या, मी इथं आहे. माझ्या घरात. हातात बूट आहे माझ्या."

"असशील की. मी कुठं नाही म्हणतो? बरं वाटलं रे आवाज ऐकून. पण तोही आहे."

फोन ठेवल्यावर मी नाडी पुरती ओवली. एकटा माणूस, बायको गेलेली, रानात राहतो. भास होणारच, असं मी स्वतःला सांगितलं. मग एक गोष्ट लक्षात आली आणि माझं सांगणं जागच्या जागी थांबलं.

माझ्या हाऊसआर्टसनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, फुप्फुसांसाठी रोज चालायला सांगितलं होतं. सप्टेंबरपासून मी रोज दुपारी बसनं व्हेलुवेच्या कडेला जात होतो. ते इथलं त्यातल्या त्यात मोठं रान. बीच आणि बर्चची झाडं, मधे हेदर नावाच्या बुटक्या झुडपांचे माळ, पायाखाली वाळू, कधी लांबून दिसणारं हरीण. पायात जुनेच बूट असायचे, नवे मी बाळ्यासाठी राखून ठेवले होते. वाट फुटते तिथं रंगीत पट्टे मारलेले लाकडी खांब आहेत. आणि प्रत्येक खांबापाशी, जुन्या सवयीनं, मी काठीचे दोन ठोके देत होतो. माझी दुपार म्हणजे त्याची संध्याकाळ. त्याची फिरायची वेळ.

मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलंय. असल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत, हे मला कळतं. तरी त्या क्षणी मला काय झालं म्हणून सांगू? आनंद झाला. इतक्या वर्षांत झाला नव्हता एवढा. म्हणजे भूतबीत काही नव्हतं. मीच होतो. तो मलाच ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तसं सांगितलं.

"बघ," तो म्हणाला, "म्हणजे तूच."

"मीच."

त्यानंतरचे काही आठवडे फार चांगले गेले. मी व्हेलुवेत चालायचो, खांबांवर ठोके द्यायचो आणि घरी येऊन त्याला फोन लावायचो. "आज कुठवर गेलो रे?" तो सांगायचा. आज गव्याच्या खुरांचे ताजे ठसे दिसले. आज हिरड्याखाली बसलो, तू जरा दमला होतास. आज पलीकडच्या काठाला वणवा दिसला, वास इथवर आला. मी डोळे मिटून ऐकायचो. जन्मभराची हौस फिटत होती. फक्त मी तिथं नव्हतो.

डिसेंबरात मी लशीचा तिसरा डोस घेतला आणि रात्रीत सणकून ताप चढला. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठवेना. संध्याकाळी मी त्याला फोन केला, माफी मागायला.

"आज माझ्यानं येववलं नाही रे."

"आलास की."

"नाही, बाळ्या. मी दिवसभर पडून आहे."

"आलास... आज तर पुढं होतास. मी म्हटलं, आज काय अंगात आलंय ह्याच्या? पहिल्यांदाच पाठ दिसली तुझी." त्याच्या आवाजात कौतुक होतं. "जाकीट झकास आहे रे. निळं. पाठीवर तो पिवळा पट्टा कशाला?"

मेधानं मला ते जाकीट हॉस्पिटलातून आल्यावर घेतलं होतं. सायकलवाल्यांना दिसावं म्हणून पट्टा. बाळ्याकडे साधा बटणांचा फोन. त्याला मी कधी फोटो पाठवला नव्हता, जाकिटाबद्दल बोललोही नव्हतो.

मी भिंत धरत दारापाशी गेलो. जाकीट खुंटीवरच होतं. खांदे ओले होते. बाहेर पाऊस नव्हता. सकाळी कचरा टाकायला मी खाली गेलो होतो का? मला सांगता येईना. तापात माणूस काय काय करतो. जाकिटाला जळक्या गवताचा वास येत होता, की तो माझ्या नाकात बसला होता?

"बाळ्या, तो बोलला का काही?"

"नाही. दरीच्या तोंडाशी थांबला आणि हातानं दाखवलं... उद्या इथून खाली. वाट नाही रे तिथं, नुसती निसरण आहे. पण तुला माहीत असेल म्हटलं."

"जाऊ नकोस. ऐक माझं. तो मी नाही."

"कमाल आहे. इतके दिवस सांगत होतास, मीच आहे, मीच आहे. आता नाही म्हणतोस. मी कुठलं खरं धरू?"

"मी येतो. मार्चमध्ये विमानं सुरळीत झाली की लगेच..."

तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं.

"रव्या, तू किती वर्षं मार्चमध्ये येतोयस?" तो म्हणाला. "तो आला."

माझ्याकडे त्याच्या मुलाचा, विश्वासचा, नंबर होता. तो पुण्यात कंपनीत आहे. मी लगेच लावला.

"विश्वास, मी रविकांतकाका. तुझ्या बाबांना उद्या घराबाहेर..."

"कोण?"

"रविकांतकाका. हॉलंडचा."

"काका मे महिन्यात गेले." त्याचा आवाज थरथरत होता. "बाबांनी त्यांचं पाणी दिलंय. आईलाही जाऊन सात महिने होतात. तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही हो? नाव कुठून मिळालं तुम्हाला?"

"अरे, ती चूक झाली. दिनकरनं..."

फोन बंद झाला. परत लावला तो लागलाच नाही. त्यानं माझा नंबर ब्लॉक करून टाकला असणार. मेधाला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एकशे दोन ताप आहे. झोपा बघू. मी विश्वासला शोधून मेसेज करते." तिनं केलाही. त्यानं तो बघितला नाही. मेलेल्या माणसाच्या मुलीचा मेसेज, त्यानं तरी का बघावा?

मेलेला माणूस कुणाला सावध करू शकत नाही. बाळ्याला थांबवायचा माझ्याकडे एकच मार्ग उरला होता, आणि तो विचार करताना मला माझीच लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवे बूट चढवले, काठी घेतली आणि तापात बाहेर पडलो. जाकीट खुंटीवरच ठेवलं. त्याला हात लावायचा धीर झाला नाही. स्वेटरवर स्वेटर घातला.

पुन्हा लॉकडाऊन लागला होता. बसमध्ये मी एकटाच. प्लास्टिकच्या पडद्यामागच्या ड्रायव्हरनं आरशातही पाहिलं नाही. व्हेलुवेवर धुकं होतं. झाडं दोन हातांवर सुरू होऊन दोन हातांवर संपत होती. ओल्या पाल्याचा वास, आणि आवाज म्हणावा तर माझ्या श्वासाचा. पहिल्या खांबापाशी मी उभा राहिलो आणि काठी उचलली.

तीन ठोके. लाकूड भिजलेलं होतं. धप्, धप्, धप्.

मी पुन्हा दिले. पुन्हा. हात दुखेपर्यंत देत राहिलो. "थांब," मी म्हणत होतो, "बाळ्या, थांब रे." धुक्यातून काहीच परत आलं नाही.

त्या संध्याकाळी त्याचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, तीच बाई तेच सांगत राहिली, नंबर संपर्कक्षेत्राबाहेर आहे. दिनकरला विचारावं म्हटलं, तर त्याचाही फोन कुणी उचलेना. मी चालायला जाणं बंद केलं. रात्री डोळा लागला की निसरण दिसायची.

संक्रांतीला मेधानं उंबऱ्यावर तिळगूळ आणि उरलेले तीळ ठेवले. पांढरे होते, काळे लागतात. पण ते हातात घेतल्यावर माझं ठरलं. त्यानं मला दिलं होतं. त्याचं इथं माझ्याशिवाय कोण करणार? मंत्र मला येत नाहीत. माझा विश्वास आहे की नाही, हेही मला धड सांगता यायचं नाही.

माळाच्या मधे एक तळं आहे. काठाला पातळ बर्फ धरला होता, तो मी काठीनं फोडला. ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घातले, बाळासाहेब असं पूर्ण नाव घेतलं आणि सोडलं. तीन वेळा. बोटं बधिर झाली. ऊन पडलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं. लांबवर एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. मी डोळे पुसले आणि परत निघालो.

खांबापाशी वाट फुटते, तिथं मागून दोन ठोके आले.

टण्. टण्.

दगडावर लोखंड वाजावं तसे.

मी वळणार होतो. मान अर्धी फिरली होती. आणि तशीच थांबली. तुम्हाला वाटेल भीतीनं. भीती होतीच, तळव्यांपासून वर चढत होती. पण मान भीतीनं थांबली नाही. मागे कुणीतरी होतं. किती काळानं माझ्यामागे कुणीतरी होतं. वळलो आणि नुसता माळ दिसला, तर?

खिशातला फोन वाजला. विश्वासचा नंबर.

"रव्या? अरे मी. बाळ्या."

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"फोन पाण्यात पडला रे त्या दिवशी. पाय मुरगळला, साताऱ्याला पडून होतो. आता हा विश्वासचा फोन घेतलाय चोरून. ऐकतोयस ना? तुझं ऐकलं मी. तो पुढं चालला होता, मी त्याच्यामागं निसरणीवर एक पाय टाकलाही होता, आणि तू मागून तीन दिलेस. थांबलो. तो नाही थांबला. तसाच खाली उतरत गेला, बघता बघता दिसेनासा झाला. वाचवलंस रे मला."

"ऐकू आले तुला?" मी कसंबसं म्हणालो. "मी खांबावर..."

"खांब कसला? दगडावर दिलेस. अगदी टाचेमागं. ठिणगी उडाली असेल, असा आवाज."

मी पायांखाली पाहिलं. वाळू. दोन्ही बाजूंना वाळू, हेदर, पालापाचोळा. चाळीस वर्षं मी इथं चालतोय. या सगळ्या रानात काठी वाजेल असा एक दगड नाही. मी जे काही वाजवलं होतं, ते भिजलेलं लाकूड होतं. ते इथून शंभर पावलांवर गेलं नसतं.

म्हणजे त्याच्यामागे कोण चालत होतं? आणि पुढे कोण? आणि ते दोघं जर मी असलो, तर इथं हा फोन धरून कोण उभं होतं?

टण्. टण्. या वेळी जवळून. जरा उतावीळ.

फोनमध्ये बाळ्या बोलायचा थांबला.

"रव्या," तो हळूच म्हणाला. "तुझ्यामागं कोण आहे?"

त्या नोव्हेंबरच्या फोनवर तो तितका वेळ गप्प का राहिला होता, ते मला तेव्हा कळलं. जिवंत मित्र कानाशी बोलत होता, हजारो मैलांवरून. आणि मागे...

"बाळ्या इथंच आहे," मी म्हणालो.

पलीकडे रातकिडे किरकिरत राहिले.

"वळू नकोस," तो शेवटी म्हणाला. आणि फोन ठेवला.

एवढं ऐकलंत, आता दिवा जरा तिकडे सरकवा. डोळ्यांना त्रास होतो आताशा.

मेधानं मार्चचं तिकीट काढलंय. विमानं सुरू होतायत, विश्वासशीही तिचं बोलणं झालं, त्यानं फोनवर माझी माफी मागितली, रडला बिचारा. बाळ्याचा पाय बरा आहे. सगळं जमून आलंय. बूट दाराशी काढून ठेवलेत. मी नक्की जाणार, असं सगळ्यांना सांगतो. तुम्हालाही सांगतो. पण रोज दुपारी मी व्हेलुवेत जातोच, आणि खांबापाशी हळू होतो, आणि मागून दोन ठोके आले की पुढे निघतो. बोलत नाही आम्ही. बोलायची गरज आम्हाला कधीच लागली नाही.

काल मात्र तीन आले.

मी जागच्या जागी थांबलो. हलकं धुकं होतं. समोरची वाट खाली तळ्याकडे उतरते, तिथं थोड्या अंतरावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. निळं जाकीट, पाठीवर पिवळा पट्टा. त्यानं मागे न बघता हात वर केला आणि खाली, पाण्याच्या दिशेनं, दाखवला.

मागून पुन्हा तीन आले. मग पुन्हा.

मी खाली, माझ्या अंगाकडे पाहिलं. घरून निघताना जाकीट मीच घातलं होतं, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढली होती, हे मला पक्कं आठवत होतं. अंगावर फक्त स्वेटर होता, आणि त्याचे खांदे ओले होते.